ग्राफिक नॉव्हेलचं कपाट उघडण्याआधी

प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे कॉमिक्ससारखी चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली पुस्तकभर गोष्ट, आणायची ठरली, की मागणीपत्रक भरण्याआधी ती पुस्तकं स्वतः वाचून काढा. मुखपृष्ठ बघून आणि चार पानं चाळून भागत नाही. चित्रं आहेत म्हणजे लहान मुलांचंच, हा समज इथे फार महागात पडतो. ‘माउस’ या ग्राफिक नॉव्हेलमध्ये उंदीर आणि मांजरं आहेत, चाळणाऱ्याला ती प्राणिकथा वाटेल. प्रत्यक्षात ती नाझी छळछावण्यांची कहाणी आहे. १९९२ साली तिला पुलित्झर या नामांकित अमेरिकी सन्मानाचा विशेष पुरस्कार मिळाला. पुस्तक थोर आहे, पण प्राथमिकच्या कपाटातलं नाही.

वाचताना पानाची मांडणीही तपासा. पहिली-दुसरीच्या मुलांना पानावर तीन-चार मोठ्या चौकटी आणि डोळा कुठून कुठे जायचा हे चटकन कळेल असा क्रम हवा. अनुवादित पुस्तकांत संवादाचे फुगे नीट बघा. मूळ मजकुराच्या मापाने काढलेल्या फुग्यात देवनागरी कोंबली, तर काने-मात्रे एकमेकांवर चढतात आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथेच अडतं. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, बहुधा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. तशी चिठ्ठी आतल्या पानावर डकवून ठेवा.

आता मोठ्या माणसांची तयारी. ‘ही कॉमिक्स वाचून वाचन कसं सुधारणार?’ हा प्रश्न शिक्षक आणि पालक दोघांकडून येणारच, आणि तो काळजीपोटी येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’ला २०२० साली न्यूबेरी पदक, म्हणजे बालसाहित्याचा मानाचा अमेरिकी पुरस्कार, मिळालं, आणि १९२२पासून दिलं जाणारं हे पदक ग्राफिक नॉव्हेलला मिळण्याची ती पहिलीच वेळ, हे जरूर सांगा. पण पुरस्कारापेक्षा एक पान समोर ठेवून वाचणं जास्त पटतं. समजा, एका चौकटीत मुलगी झाडावर चढते आहे आणि पुढच्या चौकटीत तिच्या गुडघ्याला पट्टी बांधलेली आहे. पडणं कुठेच काढलेलं नाही. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत ते वाचणाऱ्याने स्वतः घडवायचं असतं. ‘मधे काय झालं?’ एवढंच पालकांना विचारा. मग तिचा चेहरा दाखवून विचारा, ‘तिला रडू येतंय की राग?’ शब्द न वाचता अर्थ लावणं, कारण शोधणं, पुरावा दाखवणं, हे सगळं त्या पानावर घडताना त्यांना दिसेल. वर्गातही पहिल्या तासाला हेच करा. काही मुलं फक्त फुगे वाचत धावतात, त्यांना चित्रावर थांबायला शिकवावं लागतं.

निवडीचे निकष कागदावर लिहून मुख्याध्यापकांची सही आधीच घ्या. एखाद्या पुस्तकावर हरकत आली तर ते कोण वाचणार, निर्णय कोण देणार आणि तोवर पुस्तक कपाटात राहणार का, हे त्यात स्पष्ट असू द्या. माझ्या मते राहायला हवं.

ग्रंथालयात पुस्तकं विषयवार क्रमांकाने लावायच्या ड्यूई वर्गीकरणात कॉमिक्सचा क्रमांक ७४१.५, म्हणजे रेखाटनकलेच्या शेजारी. तिथे शोधायला मूल जाणार नाही. वेगळं कपाट करा, काही मुखपृष्ठं समोर दिसतील अशी ठेवा. सिरीज असेल तर भागाचा क्रमांक पुस्तकाच्या कण्यावर ठळक लिहा आणि पहिल्या भागाच्या दोन प्रती घ्या, कारण तो कायम कुणाच्या तरी घरी असतो.

ही पुस्तकं हातोहात फिरतात आणि लवकर खिळखिळी होतात. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या पानांपेक्षा शिवलेली बांधणी मिळाली तर तीच घ्या, प्लॅस्टिकचं वेष्टण पहिल्याच दिवशी घाला. फाटलेल्या पानाला साधी सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून चित्र खराब करते. पुस्तकदुरुस्तीची पट्टी आणून ठेवा.

शेवटी देवघेवीचा नियम. ‘आधी एक खरं पुस्तक घे, मग हे’ अशी अट अजिबात घालू नका. त्या एका वाक्याने तुम्ही मुलाच्या आवडीचं पुस्तक खोटं ठरवता. एकच ग्राफिक नॉव्हेल तिसऱ्यांदा मागायला आलेल्या मुलालाही ती द्या. पहिल्यांदा तो गोष्ट काय होते ते बघतो, पुढच्या वेळी कोपऱ्यातली चित्रं. नोंदवहीत मात्र तारीख लिहा, म्हणजे कोणत्या सिरीजचे पुढचे भाग मागवायचे ते कळेल.