सावली आधी काढा, मग फीचर मोजा

रस्त्याच्या व्हिडिओतून गाड्या ओळखायला ओपनसीव्ही या इमेज-प्रोसेसिंग लायब्ररीचं एमओजी२ (पार्श्वभूमीतून हलणाऱ्या वस्तू वेगळ्या काढणारी पद्धत) वापरत असाल तर एकदा त्याचा मास्क, म्हणजे काय हलतंय ते दाखवणारं चित्र, झूम करून बघाच, त्यात नुसतं काळं-पांढरं नसतं, मधे करडा पण असतो. पांढरा म्हणजे २५५, खरी हलणारी वस्तू. करडा म्हणजे १२७, तिची सावली. काँटूर, म्हणजे वस्तूची बाह्यरेषा, काढताना शून्य सोडून सगळं एकच धरलं जातं, मग संध्याकाळच्या उन्हात स्कूटरची लांबलचक सावली तिलाच चिकटते, क्षेत्रफळ वाढतं, रुंदी-उंचीचं गुणोत्तर बिघडतं, म्हणजे मोजलेली फीचर्सच चुकतात, आणि गाडीचा प्रकार ठरवणारा क्लासिफायर तिला सरळ कार म्हणतो. माझे दोन दिवस मॉडेल बदलण्यात गेले, चूक तिथे नव्हतीच.

उपाय सोपा आहे, मास्कला २०० वर थ्रेशोल्ड लावा म्हणजे १२७ वालं सगळं शून्य होतं, बारीक ठिपके घालवायला ३ बाय ३ चं ओपनिंग (पांढरा भाग आधी झिजवून मग परत वाढवणं) करा आणि त्यानंतरच काँटूर काढा. डिटेक्ट-शॅडोज ही एमओजी२ची सावली ओळखायची सेटिंग फॉल्स (बंद) करून सावली जाईल असं वाटतं, पण तसं करू नका प्लीज, सावली जात नाही, उलट तीच पांढरी होऊन बसते. काळ्या गाडीचा थोडा भाग कधीकधी सावली समजून उडतो, तेव्हा क्लोजिंग (ओपनिंगच्या उलट, आधी वाढवून मग झिजवणं) करून भोकं बुजवून घ्या.