लहान वाचकांसाठी सुपरहिरो कॉमिक्सचे संग्रह कसे निवडावेत

मुखपृष्ठावर बॅटमॅन दिसतो म्हणून आतील कथा मुलांसाठीच असेल, असे गृहीत धरू नये. 1986 मध्ये सुरू झालेली 'वॉचमेन' ही मालिका याच कुळातली असली, तरी ती निखालस प्रौढांची आहे. म्हणून प्रथम मुखपृष्ठावरील वयाची खूण पाहावी आणि त्यानंतर मधली चार-सहा पाने स्वतः वाचावीत, कारण हिंसा किती दाखवली आहे हे खुणेवरून पुरते कळत नाही.

संग्रहात साधारणपणे पाच-सहा मासिक अंक एकत्र बांधलेले असतात. त्यामुळे मधलाच खंड घेतला तर कथेचा धागा सापडत नाही. पहिला खंडच घ्यावा.

नुकतेच वाचू लागलेल्या मुलांना 'टायनी टायटन्स' द्यावे. त्यातील कथा छोट्या आणि संवाद मोजके असल्याने इंग्रजी बेताचे असले तरी अडत नाही. दहा वर्षांपुढील मुलांसाठी जीन लुएन यांग यांनी लिहिलेले 'सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन' मला सर्वांत सरस वाटते. 1946 च्या एका रेडिओ मालिकेवर आधारलेल्या या कथेत मेट्रोपोलिसमध्ये राहायला आलेल्या चिनी-अमेरिकी कुटुंबाला वर्णद्वेषी टोळी छळते; हा विषय जड असल्यामुळे निदान पहिले प्रकरण मुलांसोबत बसून वाचावे आणि त्यांच्या प्रश्नांना टाळाटाळ न करता उत्तरे द्यावीत. किशोरवयीनांसाठी 2014 पासूनची, कमला खान ही नायिका असलेली 'मिस मार्व्हल' योग्य ठरेल.