खांब लागल्यावर जाग आली

न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत एका सकाळी ‘फक्त दोन तास पार्किंग’चा खांब उगवला. मी तावातावाने टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात गेलो. क्लार्कबाई शांतपणे म्हणाल्या, "ऑर्डिनन्स मंजूर झाला. सुनावणीला कुणी आलंच नाही."

खरंच होतं. ऑर्डिनन्स म्हणजे टाउनशिपचा स्थानिक कायदा. तो तिच्या बैठकीत दोनदा वाचला जातो: पहिल्यांदा नुसता मांडतात, दुसऱ्यांदा जनसुनावणी आणि मग मतदान. बोलायचं ते मतदानाआधी, या सुनावणीत. नियमित बैठकांचं वर्षाचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. मी ते कधी उघडलंही नव्हतं.

मग ‘ओप्रा’ म्हणजे सार्वजनिक दस्तऐवजांच्या कायद्याखाली या निर्णयामागच्या वाहतुकीच्या मोजणीचा कागद मागितला. साधारण सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आलंही. मोजणी शाळेच्या सुट्टीतली! तो कागद घेऊन पुढच्या बैठकीत माइकसमोर उभा राहिलो. हात थरथरत होता, समोर टायमर पळत होता. नाव, पत्ता आणि मोजणीची तारीख, एवढंच नीट बोलता आलं. (मी अजून ग्रीन कार्डवर आहे. मत देता येत नाही, पण बोलायला कुणी अडवत नाही.)

रहिवाशांना परमिट द्यायची दुरुस्ती आली, तीही दोन वाचनांतून. या वेळी गल्लीतले अकरा जण हजर होतो. आता अजेंडा आला की मी आधी ‘कन्सेंट अजेंडा’ बघतो. तिथले विषय चर्चेविना एकाच मतदानात उरकतात.