स्ट्रॉन्शियम-९० : कॅल्शियमशी असलेलं नातं विसरू नका, या चुका टाळा

कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम आवर्तसारणीत एकाच उभ्या रांगेत बसतात. शरीराला, मातीला, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रालाही या दोघांतला फरक नीटसा कळत नाही. म्हणूनच किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम हाडांत आणि दातांत मुक्काम करतं. अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा झाले, तीन लाखांहून जास्त. अणुचाचण्यांची धूळ गवत, गाय, दूध या वाटेनं लेकरांपर्यंत पोहोचली होती, हे त्या दातांनी दाखवून दिलं.

आधी आकडा विचारा

नुसतं ‘स्ट्रॉन्शियम’ ऐकून घाबरू नका, नावापुढचा आकडा विचारा; तो त्या मूलद्रव्याचा कोणता प्रकार आहे ते सांगतो. दिवाळीच्या फटाक्यांतला लाल रंग स्ट्रॉन्शियमच्याच क्षारांचा असतो, पण ते साधं, स्थिर स्ट्रॉन्शियम. किरणोत्सारी भावंडांतही फरक आहे. स्ट्रॉन्शियम-८९ (अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ५० दिवस) हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना कमी करायला देतात, ८२ (सुमारे २५ दिवस) हृदयाच्या तपासणीत उपयोगी पडतं आणि ९० हे अणुभट्टीच्या कचऱ्यातलं, २८.८ वर्षं अर्धायुष्याचं. म्हणजे ५८ वर्षांत ते संपत नाही, चौथा हिस्सा उरतोच.

अणुअपघाताची बातमी आली की लोक आयोडीनच्या गोळ्यांमागे धावतात. त्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइडला वाचवतात, स्ट्रॉन्शियमसमोर त्यांचा काही उपयोग नाही.

मोजताना होणारी फसगत

सगळ्यात जास्त घोळ इथं होतात. स्ट्रॉन्शियम-९० गामा किरण सोडत नाही, फक्त बीटा कण सोडतं. सीझियम या दुसऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्यासाठी आणलेलं गामा मोजणारं यंत्र त्याच्यासमोर जवळजवळ गप्प बसतं, आणि माणूस ‘काही नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो. शिवाय स्ट्रॉन्शियमपासून यिट्रियम-९० हे दुसरं मूलद्रव्य तयार होत राहतं, आणि तेही बीटा सोडतं. नमुन्यातून स्ट्रॉन्शियम नुकतंच वेगळं काढलं असेल तर पुढचे सुमारे दोन आठवडे आकडा चढतच जातो. वेगळं काढल्याची वेळ लिहून ठेवली नाही, तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

यंत्राच्या मर्यादेलाच उत्तर समजणं ही त्याहून धोक्याची चूक. ऑगस्ट २०१३ मध्ये जपानच्या अपघातग्रस्त फुकुशिमा दाइची अणुवीज प्रकल्पात टाकीतून सुमारे ३०० टन दूषित पाणी गळलं. टाक्यांजवळ तासाला १०० मिलिसिव्हर्टची (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचं एकक) नोंद झाली. ते यंत्र १०० च्या पुढे मोजतच नव्हतं! जास्त क्षमतेचं यंत्र लावल्यावर आकडा आला १८००, आणि त्यातला बहुतेक भाग बीटाचा होता.

तिथलंच दुसरं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. जुलै २०१३ मधल्या भूजलाच्या एका नमुन्यात सगळा बीटा मिळून लिटरला ९ लाख बेकरेल (सेकंदाला एक अणू फुटणं म्हणजे एक बेकरेल) नोंदला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये जाहीर झालं की त्याच नमुन्यात एकट्या स्ट्रॉन्शियम-९० चेच ५० लाख आहेत. घरातल्या एकाचं वजन घरच्या सगळ्यांच्या वजनापेक्षा जास्त कसं भरेल? कण इतक्या वेगानं येत होते की यंत्राला ते एकेक करून मोजताच आले नाहीत, आणि बरेच निसटले. यावर उपाय साधा आहे. नमुना दहापट पातळ करून पुन्हा मोजा. आकडा दहा पटीनं उतरला नाही, तर पहिलं मोजमाप बाद समजा.

बीटा अडवायला थेट शिसं लावणंही चूकच, कारण वेगवान बीटा कण शिशात थांबताना क्ष-किरण निर्माण करतात. आधी जाड ॲक्रिलिक, गरज पडल्यास त्यामागे शिसं.

साफसफाईत कॅल्शियमचा हिशेब

पाण्यातून स्ट्रॉन्शियम धरून ठेवणारा शोषक कितीही चांगला असो, पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर जागा तेच अडवतं. फुकुशिमाच्या शुद्धीकरण यंत्रणेत म्हणूनच आधी कार्बोनेट घालून कॅल्शियम-मॅग्नेशियम खाली बसवतात. तिथंही २०१४ मध्ये गाळ फिल्टरमधून पुढे निसटला. टेफ्लॉनचं गॅस्केट (सांध्यातून गळू नये म्हणून लावलेली चकती) रसायनांना दाद देत नाही, पण बीटाच्या माऱ्यानं ते ठिसूळ झालं होतं. मग किरणोत्सार सोसणारं रबर वापरलं गेलं. सुटे भाग निवडताना नुसता रासायनिक तक्ता बघू नका.

अमेरिकेत हॅनफर्डच्या जुन्या अणुप्रकल्पात कोलंबिया नदीकाठी वर्षानुवर्षं भूजल उपसून शुद्ध केलं, पण स्ट्रॉन्शियम मातीच्या कणांना धरून बसल्यामुळे फारसं हाती लागलं नाही. अखेर काठालगत जमिनीत कॅल्शियम आणि फॉस्फेटचं द्रावण सोडून ॲपेटाइटची भिंत तयार केली. ॲपेटाइट म्हणजे आपल्या हाडांतलंच खनिज. हाडांत शिरण्याची खोड तिथं स्ट्रॉन्शियमला अडकवायच्या कामी आली, आणि हा उपाय मला फार आवडतो.

शेतात सीझियमचा उपाय स्ट्रॉन्शियमला लावू नका. पालाश खत सीझियमला रोखतं. स्ट्रॉन्शियमसाठी आम्लधर्मी, कॅल्शियम कमी असलेल्या जमिनीत चुना घालावा लागतो. दुधाचंही तसंच. लोण्यात आणि तुपात स्ट्रॉन्शियम फारच थोडं जातं. रेनेट (दूध गोठवणारं विकर) घालून केलेल्या चीजमध्ये ते कॅल्शियमबरोबर साठतं. आंबवून किंवा आम्लानं फाडून केलेल्या चक्क्यात, पनीरमध्ये मात्र कमी राहतं, कारण कॅल्शियमसोबत ते निथळलेल्या पाण्यात उतरतं. ते पाणी कणकेत वापरायची आपली सवय अशा वेळी सोडावी लागेल.

दवाखान्यातली चूक

स्ट्रॉन्शियम-९० च्या कचऱ्यातूनही औषध निघतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यापासून उपचारासाठी यिट्रियम-९० वेगळं काढण्याची पद्धत विकसित झाली. हृदयाच्या पेट स्कॅनसाठी स्ट्रॉन्शियम-८२ धरून ठेवणाऱ्या जनरेटर नावाच्या उपकरणातून मिठाच्या पाण्यानं (सलाइननं) रुबिडियम-८२ हे त्यापासून तयार होणारं मूलद्रव्य काढून रुग्णाला देतात. २०११ मध्ये अमेरिकेत अशी तपासणी झालेले काही रुग्ण सीमेवरच्या किरणोत्सार तपासणीत सापडले. त्यांच्या शरीरात स्ट्रॉन्शियमच उतरलं होतं. म्हणून रोज पहिल्या रुग्णाआधी स्ट्रॉन्शियम गळतंय का ते तपासायचं, आणि सलाइन ०.९ टक्क्यांचं, काहीही न मिसळलेलंच घ्यायचं. चुकून रिंगर लॅक्टेट हे दुसरं शिरेतून देण्याचं द्रावण लावलं, तर त्यातलं कॅल्शियम स्ट्रॉन्शियमला जागेवरून हुसकावून रुग्णाच्या शिरेत ढकलतं. नंतर साधं सलाइन सोडून ती चूक दुरुस्त होत नाही. तो जनरेटर तिथल्या तिथे बाद करायचा.