भाऊंना फोन लावायचाय? आधी गाव सांगा

मी मूळची कराडकडची, लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आले त्याला आता १४ वर्षं झाली. बदली होऊन आलेले मास्तर, सिस्टर, बँकवाले आणि माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या सुना, सगळे येऊन एकच विचारतात की लाइट, रस्ता, एसटी यांचं काही अडलं तर फोन लावायचा कुणाला आणि बोलायचं काय, म्हणून भाऊंना, म्हणजे आमदार-खासदारांना, फोन कसा करायचा ते एकदाच लिहून टाकते.

माझा पहिला फोन फसलेला. शेतातली डीपी (मोटारींना लाइट देणारा ट्रान्सफॉर्मर) जळली होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, मी एका लोकप्रतिनिधीच्या पीएला फोन लावून दहा मिनिटं घडाघडा बोलले, आमच्या कराडला असं नसतं हे पण ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, कोन्तं गाव तुमचं?" सांगितलं. "मतदान कुठी हाय?" मी म्हटलं अजून कराडलाच. "बरं बरं, सांगतो भाऊले." त्यानं काय सांगितलं असेल ते तुम्हीच समजा.

तर पहिलं काम म्हणजे फॉर्म ८ भरून मतदार यादीतलं नाव इकडं आणा, ऑनलाइन होतं, अडलं तर १९५० या मतदार हेल्पलाइनवर विचारा. नाव नसलं तरी फोन करता येतो हो, पण तो प्रश्न येतोच आणि आला की आपली जीभ अडखळते.

दुसरं, आपला खासदार नक्की कोण ते बघून ठेवा कारण इकडं जिल्हा एक आणि लोकसभा भलतीच असं फार आहे. वणी आणि आर्णी यवतमाळ जिल्ह्यात, पण लोकसभेला चंद्रपूरमध्ये. उमरखेड तर थेट हिंगोलीत! अमरावतीतलं मोर्शी आणि धामणगाव वर्ध्याला जोडलेलं, बुलढाण्यातलं मलकापूर रावेरला. नवीन आलेला माणूस यवतमाळच्या खासदाराला फोन लावत बसतो आणि तिकडून सांगतात तुमचं गाव आमच्यात येत नाही. विषय पण बघा, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे, नॅशनल हायवे, पोस्ट हे खासदाराकडं, शेतीची लाइट, एसटी, सरकारी दवाखाना आमदाराकडं. गावातली नाली तुंबली म्हणून आमदाराला फोन करू नका, सरपंच रुसतो आणि वर नालीही तशीच राहते.

इकडं आमदारसाहेब वगैरे कुणी म्हणत नाही, भाऊ म्हणायचं, पीएला दादा. फोन बहुतेक वेळा पीएच उचलतो आणि त्यात अपमान काही नाही, कारण इंजिनिअरला फोन जोडून देणारा तोच असतो. सकाळी सात-साडेसातला लावा, नंतर बंगल्यावर माणसं जमतात आणि मग दिवसभर "भाऊ दौऱ्यावर हायेत".

बोलायचं असं: नमस्कार दादा, मी अमक्या गावची, तालुका अमुक, अमक्याची सून (सासऱ्याचं नाव इथं आधार कार्डापेक्षा जास्त चालतं), नाल्याकाठची डीपी १२ तारखेपासून बंद आहे, २२ मोटारी अडकल्यात, लाइटच्या ऑफिसला अर्ज दिलाय, आवक नंबर (अर्ज घेतल्याचा नोंद नंबर) लिहून घ्या, भाऊंनी इंजिनिअरला एक फोन करावा. बास. त्याच फोनमध्ये रस्ता, घरकुल आणि भाचीची नोकरी घुसडली की डीपी पण गेली. आवक नंबर नसेल तर आधी १९१२ या लाइटच्या तक्रार नंबरवर तक्रार करा आणि तो नंबर द्या, कारण इंजिनिअर पहिल्यांदा हेच म्हणणार की आमच्याकडं तक्रारच नाही.

पुढच्या वेळी डीपी गेली तेव्हा आम्ही बचत गटाच्या मीटिंगमध्ये ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी ११ बायकांनी आपापल्या मोबाइलवरून फोन लावला. चौथ्या बाईला पीए म्हणाला, "समजलं ना बाई, डीपीच ना?" तरी उरलेल्या सात जणींनी लावलाच. तिसऱ्या दिवशी डीपी आली, आणायला ट्रॅक्टर मात्र आमचाच गेला.

मोठा विषय असेल, म्हणजे रात्रीऐवजी दिवसा लाइट द्या, वाघाच्या भागात माणूस अंधारात मोटर चालू करायला कसा जाईल, तर नागपूरचं हिवाळी अधिवेशन धरून चला. ते साधारण डिसेंबरात असतं पण तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) आधीच द्यावे लागतात, म्हणून दिवाळी झाली की लगेच फोन करा आणि भाऊ हा प्रश्न टाकणार का, एवढंच स्पष्ट विचारा. अधिवेशन सुरू झाल्यावर आठवण झाली तर लक्षवेधीचं (तातडीच्या विषयाकडं सरकारचं लक्ष वेधायची सूचना) बघा म्हणायचं, पण तिथं गर्दी फार.

सरकारी नोकरीतल्यांनो, गावाच्या कामासाठी फोन गावकऱ्यांनाच करू द्या आणि स्वतःच्या बदलीसाठी तर अजिबात नको, नोकरीच्या कामात राजकीय वजन आणणं वर्तणूक नियमात बसत नाही, उलट नोटीस हातात येते.

आणि हो, आमच्याकडं रेंज फक्त मारुतीच्या पारावर येते, तेव्हा फोनवर जे बोलाल ते पारावरचे सात-आठ म्हातारे ऐकणार, मध्येच तारीख पण दुरुस्त करून देणार.