महापालिकेत इंटर्नशिप करणाऱ्या बारावीच्या मुलांनो, या चुका टाळा

"मॅडम, महिना सहा हजार मिळणार ना?" ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात एनएसएसचं काम बघते, त्यामुळे हा प्रश्न हल्ली नेहमी येतो. मुलांच्या डोक्यात असते २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. त्यात बारावी उत्तीर्णांना ६,००० रुपये विद्यावेतन आहे खरं, पण वय १८ ते ३५ लागतं आणि शिक्षण चालू असलेल्यांना ती मिळत नाही. तुम्हाला कॉलेजमार्फत, बिनपगारीच जावं लागेल. हे घरी आधीच सांगा.

दुसरी चूक अर्जातली. "इंटर्नशिप मिळणेबाबत" एवढ्यावर कुणी काय ठरवणार? कुठला विभाग, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, रोज किती तास, तुम्हाला काय येतं (मराठी टायपिंग, एक्सेल) ते लिहा. प्राचार्यांचं पत्र, बोनाफाईड आणि पालकांचं संमतीपत्र जोडा. अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक-जावकला (अर्ज-टपाल स्वीकारतात त्या टेबलावर) एक द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच नसेल तर आठवड्याने "तुमचा अर्ज दिसत नाही" ऐकून परत याल.

सगळे ठाण्यात पाचपाखाडीला नाहीतर नवी मुंबईत बेलापूरला, महापालिका मुख्यालयात धावतात. परवानगी तिथून येईल, पण लोकांची कामं बघायची तर आपल्या भागातलं छोटं कार्यालय गाठा: ठाण्यात प्रभाग समिती, नवी मुंबईत विभाग कार्यालय. तिथल्या साहेबांशी आधी बोलून ठेवा. आणि शक्यतो अकरावीनंतरच्या सुट्टीत जा. बारावीनंतर एप्रिल-मे सीईटीतच जातो.

"कुणी कामच देत नाही" ही तक्रार मला पटत नाही. खिडकीबाहेर दहा मिनिटं उभे राहा, फॉर्म अडलेलं कुणीतरी भेटतंच.

पण तिथेच सगळ्यात मोठी चूक होते. गेल्या वर्षी आमच्या एका मुलीने मालमत्ता कराच्या रांगेतल्या एका आजोबांना मदत केली. ते पिशवीतून चुरगळलेल्या जुन्या पावत्या काढत होते, ती एकेक तळहाताने सरळ करून तारखेप्रमाणे लावत होती. अर्ज भरून झाल्यावर तिने कौतुकाने टेबलाचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. त्यात आजोबांचा आधार क्रमांक स्पष्ट दिसत होता. तासाभरात स्टेटस काढलं, तरी दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं. मला अजून हळहळ वाटते, कारण काम तिने फार मायेने केलं होतं. दुसऱ्याचा कागद हातात असताना मोबाइल बॅगेतच हवा.

प्रमाणपत्राचं शेवटच्या दिवशी बघू म्हणू नका. रोजची तारीख, तास आणि केलेलं काम वहीत लिहा, दर शुक्रवारी तिथल्या साहेबांची सही घ्या. साहेबांची बदली झाली तर नव्या साहेबांना दाखवायला तेवढी वहीच तुमच्याकडे असते.