विदर्भातल्या खेड्यात मुलांच्या ॲलर्जीवर काम करायला येताय?

मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करून मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात प्रकल्पावर संशोधन सहायक म्हणून लागलो. विषय शाळकरी मुलांचा दमा आणि ॲलर्जी. नवीन येणाऱ्यांना गावं दाखवायचं काम आता बहुधा माझ्याकडेच असतं. जो येतो त्याला आयजीई, म्हणजे ॲलर्जीत रक्तात वाढणारं प्रतिपिंड, मोजायची घाई. माझं म्हणणं उलट आहे: आपल्याकडे घरातली नोंद नीट नसेल, तर रक्ताच्या आकड्याला फारशी किंमत नाही.

मुख्य अडचण जंतांची. एकूण आयजीई आणि इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दोन्ही जंतांमुळेही वाढतात. अनवाणी हिंडणाऱ्या पोराचा रिपोर्ट चढलेला दिसला म्हणून त्याला ॲलर्जी आहे असं ठरत नाही. म्हणून अल्बेंडाझोल, म्हणजे जंताची गोळी, शेवटचं कधी घेतलं, हे लिहिल्याशिवाय सुई उघडू नका. शाळा-अंगणवाडीत 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमारास जंतनाशक दिन होतो. पण गोळी मिळाली का आणि गोळी गिळली का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पूर्व विदर्भात हत्तीरोगाचाही विचार करावा लागतो. त्याच्या जंतांमुळे होणारा ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया हा फुप्फुसाचा आजार हुबेहूब दम्यासारखा दिसतो: रात्रीचा खोकला, घरघर, आणि इओसिनोफिल मायक्रोलिटरला 3,000 च्या वर. मुलांमध्ये तो कमी आढळतो, पण डॉक्टरांच्या लक्षात आणून देणं आपलं काम. त्याला दम्याच्या पंपाने बरं वाटत नाही, डीईसी हे हत्तीरोगाचं औषध लागतं. घरात आणखी कोणी खोकतं का, हेही विचाराच. क्षयरोग इथे कधीच यादीबाहेर नसतो.

मग हंगाम. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघतं, थ्रेशर चालू होतो आणि कुटाराची (भुशाची) धूळ गावभर उडते. त्यानंतर कापूस. भाव नसला की तो घरातच भरून ठेवतात, आणि जागा नसलेल्या घरात पोरं त्याच्याच बाजूला झोपतात. अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी अशा घरांतून येतात. पावसाळ्यात झड लागली की चूल आत येते आणि ओली पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं), तुराट्या धुमसत राहतात. गॅस आहे का, असं विचारू नका. उज्ज्वलाचं सिलेंडर पुष्कळ घरांत आहे. शेवटचं कधी भरलं ते विचारा आणि स्वयंपाकाच्या जागी वरचं छत किती काळं आहे ते बघा. एका गावाची पाहणी मे महिन्यात आणि दुसऱ्याची ऑक्टोबरात केली, तर दोन गावांची तुलना होत नाही, दोन ऋतूंची होते.

प्रश्नावली शोधायला लांब जायला नको. 1991 मध्ये सुरू झालेल्या आयझॅक या जागतिक अभ्यासाची पद्धत आजही वापरतात: 6–7 वर्षांच्या मुलांसाठी पालक उत्तरं देतात, 13–14 ची मुलं स्वतः भरतात. या मोठ्या मुलांसाठी धाप लागलेल्या माणसांचा व्हिडिओही होता. ती कल्पना मला फार आवडते. प्रश्न मागच्या 12 महिन्यांचे असतात. तारखा कोणाच्याच लक्षात नसतात, पण पोळ्याच्या आधी की दिवाळीनंतर, हे आई लगेच सांगते. वेचणीच्या दिवसांत मात्र ती भेटतच नाही. "आता वावरात चालली मी, संध्याकाई या भाऊ," असं उत्तर मिळालं की संध्याकाळीच जायचं. शेजारणीकडून फॉर्म भरून घ्यायचा नाही.

संमतीचा भाग पुस्तकात सोपा वाटतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती लागतेच. शिवाय 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी होकार. प्रत्यक्षात निर्णय आजीचा. "कायले काढता भाऊ लेकराचं रगत?" या प्रश्नाला आजीला पटेल असं उत्तर तयार नसेल, तर सही झालेल्या कागदाचा उपयोग नाही. सही झाल्यावरही मूल हात मागे घेत असेल तर थांबायचं. यावर माझी टीममध्ये भांडणं झाली आहेत आणि पुढेही होतील.

स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे कातडीवर ॲलर्जीच्या पदार्थाच्या अर्काचा थेंब टाकून टोचायची चाचणी, अंगणवाडीच्या ओट्यावर करणाऱ्यांशी माझं जमत नाही. डॉक्टर आणि ॲड्रेनलिन (जोरदार ॲलर्जी आली तर द्यायचं इंजेक्शन) हाताशी नसेल तर ती करूच नये. अर्क 2 ते 8 अंशांत ठेवावे लागतात, मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात असतो. तेव्हा मुलांना गाडी करून दवाखान्यात आणणं बरं. सर्दीची गोळी आठवडाभर बंद हवी, आणि तिचं नाव आईला ठाऊक नसतं, म्हणून पाकीट बघायला मागा. हिस्टामिनचा ठिपका (तो एरवी प्रत्येकाला उठतो) उठला नाही तर चाचणी बाद. 15–20 मिनिटांनी गांधी (कातडीवर उठलेली सूज) मोजायची. निगेटिव्ह (अर्क नसलेल्या नुसत्या द्रावणाच्या) ठिपक्यापेक्षा ती 3 मिलिमीटरने मोठी असली तरी शरीर त्या पदार्थाला ओळखतं, एवढंच कळतं. आजार आहे की नाही, ते लक्षणांवरून ठरतं.

एक वही वेगळी ठेवा, वारंवार आजारी पडणाऱ्या मुलांची. ॲलर्जी शोधताना कधीतरी प्रतिकारशक्तीच जन्मतः कमी असलेलं मूल सापडतं: वर्षात पुन्हापुन्हा न्यूमोनिया, वजन न वाढणं, बीसीजीच्या जागेची जखम चिघळलेली, काखेत गाठ. इथे वंशावळ काढायची. नात्यातलं लग्न आहे का? आईचे भाऊ तान्हेपणी गेले का? काही प्रकार आईकडून मुलग्यांत उतरतात, त्यामुळे मामांचा प्रश्न टाळू नका, फक्त हळू विचारा. सिकलसेलची तपासणी झाली आहे का, तेही बघा. सिकलसेलच्या मुलांना प्लीहा निकामी झाल्याने जंतुसंसर्ग लवकर होतो. पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईत आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात एससीआयडीसारखे (जन्मतः प्रतिकारशक्ती जवळजवळ नसण्याचे) आजार आहेत, हे कुटुंबाला सांगायला विसरू नका.

नोकरीचं थोडक्यात. एमबीबीएसवाल्यांनी आयसीएमआरच्या एसटीएस या विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेतून दोन महिन्यांचा छोटा अभ्यास करून बघावा. एमएस्सी, नर्सिंग, एमएसडब्ल्यूवाल्यांना प्रकल्पाच्या कंत्राटी जागा असतात. प्रकल्प संपला की जागा संपते, म्हणून मुलाखतीतच मुदत, प्रवासभत्ता आणि शोधनिबंधात नाव येणार का, हे विचारून घ्या. दुचाकी चालवता येत नसेल तर आधी ती शिका.